कॉर्सी-रोझेन्थाल बॉक्स: पुठ्ठा, टेप आणि पंख्याचा एअर प्युरिफायर कितपत खरा उतरतो?

चार-पाच फिल्टर, एक चौकोनी पंखा, पुठ्ठा आणि चिकटपट्टी. एवढ्या सामानातून उभ्या राहणाऱ्या या यंत्राबद्दलचा निकाल आधीच सांगून टाकतो. शाळेचा वर्ग, कार्यालय, वाचनालय, दवाखान्यातली थांबायची खोली अशा जागांसाठी, अमेरिकेच्या बाजारात याच पैशांत इतकी स्वच्छ हवा देणारं दुसरं यंत्र सापडणं कठीण आहे. मात्र ही शिफारस नीट बांधलेल्या आणि दिवसभर चालू राहणाऱ्या बॉक्सची आहे. बांधणीत दोन-तीन ठिकाणी हमखास चुका होतात. त्याहून मोठा धोका असा की आवाजाला कंटाळून कुणीतरी तो बंद करून टाकतं. म्हणून इथे सर्वाधिक जागा त्याच गोष्टींना दिली आहे.

हा बॉक्स ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या वर्षात जन्माला आला. रिचर्ड कॉर्सी हे इमारतींच्या आतल्या हवेवर वर्षानुवर्षं संशोधन करणारे पर्यावरण अभियंते. तेव्हा ते ओरेगनमधल्या पोर्टलँड स्टेट विद्यापीठात अभियांत्रिकीचे डीन होते, पुढे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात यूसी डेव्हिसला डीन झाले. पंख्याच्या मागे एक फिल्टर चिकटवायची युक्ती लोकांना आधीपासून माहीत होती. कॉर्सींचं म्हणणं होतं की एकाऐवजी अनेक फिल्टर लावा. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला फिल्टर बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख जिम रोझेन्थाल यांनी तो प्रत्यक्ष बांधून पाहिला. रोझेन्थाल त्याला कॉर्सींचं नाव देत होते आणि कॉर्सी श्रेय रोझेन्थाल यांच्याकडे ढकलत होते, म्हणून शेवटी दोघांचीही नावं लागली. आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला, आणि मला वाटतं या यंत्राचा प्रसार होण्यामागे तेच मोठं कारण आहे. कनेक्टिकट विद्यापीठात अभियांत्रिकी आणि परिचर्या विभागांतल्या लोकांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन असे बॉक्स शाळांसाठी बांधले. ॲरिझोनातल्या शाळांसाठीही असंच काम झालं.

आता यामागचं गणित. एअर प्युरिफायर विकत घेताना आपण 'हेपा आहे का' एवढंच विचारतो. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. या बॉक्समधला मर्व्ह (फिल्टर किती कण अडवतो याचं मानांकन) १३ दर्जाचा फिल्टर त्या मानाने फारच साधा. अ‍ॅश्रेच्या (अमेरिकेतली वातानुकूलन अभियंत्यांची संघटना) ५२.२ या मानकाप्रमाणे त्याने ०.३ ते १ मायक्रॉनचे किमान ५० टक्के, १ ते ३ मायक्रॉनचे किमान ८५ टक्के आणि ३ ते १० मायक्रॉनचे किमान ९० टक्के कण अडवायला हवेत. पण खोलीतली हवा यंत्रातून एकदाच जात नाही, ती पुन्हा पुन्हा फिरते. त्यामुळे मोजायचं ते दर मिनिटाला किती घनफूट स्वच्छ हवा मिळते हे. त्यालाच सीएडीआर म्हणतात: हवेचा प्रवाह गुणिले एका फेरीत अडणाऱ्या कणांचं प्रमाण. हेपातून मिनिटाला २०० घनफूट हवा जात असेल तर स्वच्छ हवा जवळजवळ २०० घनफूटच. मर्व्ह १३ मधून ८०० घनफूट जात असेल आणि निम्मेच कण अडत असतील, तरी ती ४०० होते. यूसी डेव्हिसच्या चमूने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत या बॉक्सचा सीएडीआर पंख्याच्या वेगानुसार ६०० ते ८५० घनफूट प्रति मिनिट भरला. बाजारातल्या मध्यम आकाराच्या यंत्राचा साधारण १५० ते २५० असतो. तेवढीच स्वच्छ हवा देणाऱ्या हेपा यंत्रांच्या तुलनेत बॉक्सचा खर्च सुमारे एक दशांश येतो, हा निष्कर्षही त्याच चाचणीतला.

चार फिल्टर कशाला, एक का पुरत नाही? बॉक्स फॅन, म्हणजे हा चौकोनी पंखा, भरपूर हवा ढकलतो, पण अडथळ्यापुढे लगेच हात टेकतो. त्याला दाब निर्माण करता येत नाही. २० बाय २० इंचाच्या एका फिल्टरचं क्षेत्रफळ २.८ चौरस फूट. मिनिटाला ६०० घनफूट हवा त्यातून ओढायची म्हटलं तर वेग होतो मिनिटाला २१५ फुटांच्या आसपास. चार फिल्टरांत तीच हवा विभागली की वेग ५५ फुटांच्या खाली येतो. अडथळा कमी झाला म्हणून पंखा मोकळा चालतो. शिवाय कण फिल्टरच्या धाग्यांजवळ जास्त वेळ रेंगाळतात, त्यामुळे बारीक कण अडण्याचं प्रमाणही वाढतं. एकाच बदलाने दोन्ही बाजूंनी फायदा होतो, आणि अभियांत्रिकीत असं फार क्वचित घडतं.

सामान असं: २० इंची बॉक्स फॅन एक, २० बाय २० बाय २ इंचाचे मर्व्ह १३ फिल्टर चार, दोन इंच रुंद डक्ट टेपचा एक पूर्ण रोल आणि पंखा ज्या खोक्यात आला तो पुठ्ठा. एक इंच जाडीचे फिल्टर स्वस्त पडतात, पण त्यांच्या घड्या उथळ असतात, अडथळा जास्त आणि आयुष्य कमी. इथे पैसे वाचवू नका. खोक्यावर 'एमपीआर' किंवा 'एफपीआर' असे आकडे दिसले तर ते विक्रेत्यांचे स्वतःचे मापदंड आहेत. शेजारी मर्व्ह १३ छापलेलं असेल तरच घ्या.

फिल्टर चौकोनात उभे करताना प्रत्येकाची एक कड शेजारच्या फिल्टरच्या जाडीवर टेकली पाहिजे, म्हणजे चारही फिल्टर एकाच दिशेने पुढे सरकवल्यासारखे दिसतात. हे शोभेसाठी नाही. '२० इंची' फिल्टर प्रत्यक्षात साडेएकोणीस इंच असतो आणि जाडी पावणेदोन इंच. अशी मांडणी केली की बाहेरची बाजू सव्वाएकवीस इंच होते आणि पंख्याची चौकट त्यावर बरोबर बसते. दोन फिल्टर समोरासमोर आणि दोन त्यांच्या मध्ये असे लावले तर चौकोन उरत नाही, आयत होतो. पंखा मग एका बाजूला लोंबतो, दुसऱ्या बाजूला फट पडते आणि ती टेपने झाकता झाकता पुरेवाट होते. फिल्टरच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो, तो चारही फिल्टरवर आतल्या बाजूला हवा. उलटा लागला तरी फिल्टर काम करतो, पण जाळीचा आधार चुकीच्या बाजूला येतो आणि घड्या आत खेचल्या जाऊन फुगू शकतात. पंखा वर ठेवायचा, हवा वरच्या दिशेने बाहेर फेकणारा. बसवण्याआधी त्याचे प्लास्टिकचे पाय काढा आणि वायर बाहेरच्या बाजूला आहे ना ते बघा.

तळाला पुठ्ठा लावायचा की पाचवा फिल्टर, यावर बरीच चर्चा होते. पाचव्या फिल्टरने क्षेत्रफळ पाव पटीने वाढतं, हवेचा प्रवाह मात्र तेवढा वाढत नाही. त्यासाठी बॉक्स जमिनीपासून काही इंच वर उचलावा लागतो, पाय डळमळतात आणि तळाचा फिल्टर जमिनीवरची धूळ थेट ओढतो. शाळेत, जिथे मुलं धक्का मारणारच, तिथे चार फिल्टर आणि पुठ्ठ्याचा तळ हाच पर्याय चांगला.

टेपबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चुका इथेच जास्त होतात. उभे चार सांधे, तळाच्या चार कडा आणि पंख्याभोवतीच्या चार कडा अशा बारा रेषा पूर्ण बंद व्हायला हव्यात. टेप लावण्याआधी फिल्टरची पुठ्ठ्याची चौकट कोरड्या फडक्याने पुसा. धुळीवर लावलेली टेप महिन्याभरात सुटते. प्रत्येक पट्टी मधून बाहेरच्या दिशेने दाबत न्या. सुरकुती पडली की त्या बारीक नळीतून न गाळलेली हवा आत जाते. पंख्याच्या प्लास्टिकला मागच्या बाजूने खोबणी असते, तिथे टेप वरून सपाट दिसते पण खाली पोकळी राहते, म्हणून त्या कडेवर आधी पुठ्ठ्याची पट्टी भरून मग टेप लावावी. शेवटी पंखा चालू करून टिश्यू पेपरची बारीक पट्टी सगळ्या सांध्यांवरून फिरवा. जिथे पट्टी आत ओढली जाते तिथे गळती आहे. फिल्टरच्या तोंडावर ती ओढली जाणारच, तपासायचे ते फक्त सांधे.

यानंतर पंख्याच्या वरचं पुठ्ठ्याचं झाकण, मध्ये गोल भोक पाडलेलं. बरेच जण ते वगळतात आणि बॉक्सची ताकद घालवतात. पंखा चौकोनी असतो, पाती गोल. चार कोपऱ्यांत पाती पोहोचत नाहीत. बॉक्सच्या आत दाब कमी असल्यामुळे नुकतीच बाहेर फेकलेली हवा त्या कोपऱ्यांतून पुन्हा आत शिरते. म्हणजे पंखा तीच हवा गोल गोल फिरवत राहतो आणि फिल्टरमधून कमी हवा येते. कोपरे झाकले की प्रवाह लगेच वाढतो. भोकाचा व्यास साधारण १५ ते १६ इंच असतो, पण प्रत्येक पंख्याला तो थोडा वेगळा लागतो. तोच टिश्यू पेपर जाळीवर कोपऱ्याकडून मध्याकडे सरकवत न्या. सुरुवातीला तो आत ओढला जाईल, मग एका ठिकाणी अचानक वर उडायला लागेल. ती सीमा चार-पाच ठिकाणी पेनाने खुणावली की भोकाचा नेमका आकार मिळतो. पुठ्ठा कापायला पाच मिनिटं लागतात, आणि या यंत्रात इतक्या कमी कष्टात इतका फरक पाडणारं दुसरं काम नाही.

आता किती बॉक्स लागतील ते. ९०० चौरस फुटांचा वर्ग, ९ फूट उंच छत, म्हणजे ८,१०० घनफूट हवा. कमी वेगावर ६०० घनफूट प्रति मिनिट धरले तर तासाला ३६,००० घनफूट, म्हणजे तासाला सुमारे ४.४ वेळा हवा बदलल्याइतका परिणाम. या वेगाने वर्गातले ९५ टक्के कण निघायला साधारण ४० मिनिटं लागतात. अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसीने मे २०२३ मध्ये तासाला किमान ५ चं लक्ष्य सांगितलं. त्याच वर्षी आलेलं अ‍ॅश्रेचं २४१ हे मानक संसर्गाची जोखीम असताना वर्गासाठी माणशी ४० घनफूट प्रति मिनिट स्वच्छ हवा मागतं. २५ जणांच्या वर्गाला १,००० झाले. इमारतीच्या यंत्रणेतून येणारी ताजी आणि गाळलेली हवा यात धरता येते, पण जुन्या शाळांत ती बेताचीच असते. त्यामुळे मोठ्या वर्गाला दोन बॉक्स, तेही कमी वेगावर, हा माझा स्पष्ट सल्ला.

दोन बॉक्स कमी वेगावर का, तर आवाजामुळे. या यंत्राची सर्वांत खरी तक्रार आवाज हीच आहे, आणि ती 'सवय होईल' म्हणून उडवून लावू नये. शिक्षकाला आवाज चढवून शिकवावं लागलं तर तो बॉक्स बंद करणार, आणि बंद बॉक्सचा सीएडीआर शून्य असतो. पंख्याचा वेग २० टक्के उतरवला की हवाही साधारण २० टक्के कमी होते, पण आवाज सुमारे ५ डेसिबलने खाली येतो. दुसरा तसाच बॉक्स शेजारी ठेवला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि स्वच्छ हवा दुप्पट होते. हिशेब सरळ दोन बॉक्सच्या बाजूने आहे. एकच परवडत असेल तर तो शिक्षकाच्या टेबलापासून दूर ठेवा, पण कोपऱ्यात कोंबू नका. चारही बाजूंना निदान फूटभर जागा मोकळी हवी.

शांतता हवीच असेल तर बॉक्स फॅनऐवजी संगणकात वापरतात ते १२० किंवा १४० मिलिमीटरचे पंखे लावलेली आवृत्ती बांधावी. १२ व्होल्टवर चालणारे पाच ते दहा पंखे मिळून १०–२० वॅट वीज घेतात. साधा बॉक्स फॅन ५० ते १०० वॅट घेतो. आवाज इतका कमी की झोपायच्या खोलीतही चालतो. मात्र खर्च वाढतो आणि जोडणीला थोडं वायरिंग जमावं लागतं. पंखे घेताना हवेच्या प्रवाहासोबत स्थिर दाबाचा आकडा बघा. नुसता प्रवाह मोठा असलेले पंखे फिल्टरपुढे ढेपाळतात.

बांधलेला बॉक्स खरंच किती देतो हे घरच्या घरी मोजता येतं. त्यासाठी पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) मोजणारा, दर मिनिटाची नोंद ठेवणारा लेझर सेन्सर पुरतो. खिडक्या-दारं बंद करा, धूप जाळून पातळी २०० ते ३०० मायक्रोग्रॅमपर्यंत न्या, धूप विझवा आणि छोट्या पंख्याने हवा एकजीव करा. आधी बॉक्स बंद ठेवून तासभर घसरण नोंदवा, मग तेच सगळं बॉक्स चालू ठेवून करा. प्रत्येक आकड्यातून खोलीची मूळ पातळी वजा करायची, हे विसरलात तर उत्तर चुकतं. उरलेल्या आकड्यांचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन आलेखाचा उतार काढा. समजा ४,००० घनफुटांच्या खोलीत बॉक्स बंद असताना उतार तासाला ०.६ आणि चालू असताना ६.६ आला. फरक ६, गुणिले ४,०००, भागिले ६०: सीएडीआर ४०० घनफूट प्रति मिनिट. स्वस्त सेन्सर धुपाचा धूर दीडपट-दुप्पट दाखवतो ही तक्रार खरी आहे, पण इथे ती आड येत नाही. सगळेच आकडे एकाच पटीने फुगले तर लॉगॅरिदमचा उतार तोच राहतो. पातळी फार चढवली तर मात्र सेन्सर दमतो आणि सुरुवातीची रेघ खोटी सपाट येते.

फिल्टर कधी बदलायचे? वर्गात किंवा कार्यालयात रोजच्या वापरात सहा महिने ते वर्षभर. पण वणव्याच्या धुरात वापरलेले असतील तर हा हिशेब सोडून द्या. मर्व्ह १३ फिल्टरांच्या धाग्यांवर बहुतेक वेळा विद्युतभार दिलेला असतो आणि बारीक कण मुख्यतः त्यामुळे अडकतात. धुराचे तेलकट कण धाग्यांवर बसले की तो भार निष्प्रभ होतो. हवा पूर्वीसारखीच वाहते, पंख्याचा आवाज बदलत नाही, आणि फिल्टर गुपचूप निकामी होत जातो. रंगावरून काही कळत नाही. काळा पडलेला फिल्टर ठीक असू शकतो आणि फिकट दिसणारा संपलेला असू शकतो. दाट धुराच्या दिवसांत काही आठवड्यांतच बदलायची तयारी ठेवावी, किंवा वर सांगितलेली मोजणी पुन्हा करून आधीच्या आकड्याशी ताडून बघावी. फिल्टर धुवू नका. पाण्याने भारही जातो आणि घड्याही बसतात.

आगीची भीती लोकांना वाटते आणि विचारणं योग्यच आहे. उत्पादनांची सुरक्षितता तपासणाऱ्या यूएलच्या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये फिल्टर लावलेल्या बॉक्स फॅनच्या चाचण्या केल्या. फिल्टर भरलेले, तोंड झाकलेलं अशा स्थितीतही पंख्यांचं तापमान धोकादायक झालं नाही. हे पंखे २०१२ किंवा त्यानंतरच्या सुरक्षा मानकाचे, प्लगमध्ये फ्यूज असलेले होते. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए तसाच पंखा वापरायला सांगते. माळ्यावरचा जुना पंखा यासाठी काढू नका, आणि एक्स्टेन्शन कॉर्डही टाळा.

बॉक्स काय करत नाही हेही स्पष्ट हवं. तो कण गाळतो, वायू नाही. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, रंगाचा आणि सॉल्व्हंटचा वास यांना तो हात लावत नाही. गॅसच्या शेगडीचा त्रास असेल तर बाहेर हवा फेकणारा हुडच हवा. वर्गातला कार्बन डायऑक्साइडही बॉक्समुळे तसूभर उतरत नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइडचा मीटर लावून बॉक्सची परीक्षा करणं चूक आहे. मात्र कणांना आणि धुळीला चिकटून राहणारी काही रसायनं कमी होतात. ब्राउन विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या इमारतीत १७ खोल्यांत बॉक्स ठेवून केलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हवेतली काही पीएफएएस (सहज न विघटणारी फ्लोरिनयुक्त) संयुगं ४० ते ६० टक्क्यांनी घटलेली दिसली. दिवसाचा आवाज सरासरी ५ डेसिबलने वाढल्याची नोंदही तिथेच आहे, आणि ती प्रामाणिकपणे दिली हे चांगलं झालं.

खर्च साधारण ६० ते १०० डॉलर, त्यातला मोठा वाटा फिल्टरांचा. एका छोट्या खोलीत एकट्या माणसाला वापरायचा असेल आणि जागा, आवाज, दिसणं महत्त्वाचं असेल, तर बाजारातलं छोटं हेपा यंत्र घ्यावं, त्यात काही चूक नाही. पण जिथे माणसं जास्त आणि पैसे मोजके, तिथे हा बॉक्स घ्या. शाळेसाठी बांधत असाल तर बॉक्सच्या तळाजवळ बांधल्याची तारीख, फिल्टरचा दर्जा आणि बदलायचा महिना ठळक लिहा, आणि बदललेल्या फिल्टरचे पैसे कोण देणार हे पहिला बॉक्स बांधण्याआधी ठरवा. जुने फिल्टर काढताना पंखा बंद करून मास्क घाला, टेप कापून फिल्टर न झटकता सरळ कचऱ्याच्या पिशवीत घाला आणि तोंड बांधा. पंखा पुसून पुढच्या संचाला वापरता येतो, झाकणाचा पुठ्ठाही तोच चालतो.